पडद्याच्या मापाने मेमरी मोजता येत नाही

गेमिंगसाठी संगणक जुळवताना ग्राफिक्स कार्डावर मेमरी किती असावी, या प्रश्नाला गेली काही वर्षे एक ठरलेले उत्तर मिळते. पडदा १०८०पी असेल, म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल दाखवणारा असेल, तर ८ जीबी पुरे, आणि पडदा त्याहून मोठा असेल तरच १२ किंवा १६ जीबीचा विचार करावा, असे ते उत्तर आहे. दुकानदार हेच सांगतात, संगणक जुळवून देणारेही हेच सांगतात, आणि मे २०२५ मध्ये एएमडी या कंपनीच्या गेमिंग विभागातील वरिष्ठ अधिकारी फ्रँक एझोर यांनीही ते जाहीरपणे मांडले. बहुसंख्य लोक अजून १०८०पीवरच खेळतात, जगात सर्वाधिक खेळले जाणारे खेळ स्पर्धात्मक प्रकारचे आहेत, त्यामुळे या लोकांना ८ जीबीहून अधिक मेमरीचा उपयोग नाही, आणि ज्याला ती अपुरी वाटते त्याच्यासाठी त्याच चिपचे १६ जीबीचे कार्ड उपलब्ध आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांच्या कंपनीचे रेडियॉन आरएक्स ९०६० एक्सटी हे कार्ड जून २०२५ मध्ये ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत, अनुक्रमे २९९ आणि ३४९ डॉलर किमतीला बाजारात आले.

या युक्तिवादामागे दोन गृहीतके आहेत. मेमरीची गरज पडद्यावरील पिक्सेलांच्या संख्येने ठरते, हे पहिले; आणि आज बहुसंख्य लोक काय खेळतात यावरून नव्या कार्डाची मेमरी ठरवावी, हे दुसरे. पहिले गृहीतक साध्या अंकगणितासमोर टिकत नाही आणि दुसरे ग्राहकाच्या हिताच्या आड येते, म्हणून दोहोंची तपासणी करणे आवश्यक आहे. ग्राफिक्स कार्ड हा गेमिंग संगणकातील बहुधा सर्वांत महाग भाग असतो, तो एकदा घेतला की अनेक घरांत पाच-सहा वर्षे तरी बदलला जात नाही, आणि त्यावरची मेमरी कारखान्यातच झाळून बसवलेली असल्याने मदरबोर्डवरच्या रॅमप्रमाणे पुढे वाढवता येत नाही. अशा वस्तूबद्दल चुकीचा ठोकताळा रूढ होणे ही गंभीर गोष्ट आहे.

ग्राफिक्स कार्डाची मेमरी, जिला व्यवहारात व्हीरॅम म्हणतात, ही कार्डावरच्या प्रोसेसरची हाताशी असलेली कामाची जागा होय. प्रोसेसरला फ्रेम, म्हणजे पडद्यावर दिसणारे एक संपूर्ण चित्र, तयार करण्यासाठी जे जे लागते ते सर्व या जागेत असावे लागते. चित्र पूर्ण होऊन पडद्याकडे जाण्यापूर्वी जिथे साठते, त्या भागाला फ्रेम बफर म्हणतात, आणि पडद्याच्या मापाशी थेट बांधलेला भाग मुख्यतः हाच. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलचा रंग ४ बाइटमध्ये लिहिला जातो असे धरले, तर एका फ्रेमला ८२,९४,४०० बाइट, म्हणजे सुमारे ८ एमबी लागतात. ४के पडद्यावर, ३८४० गुणिले २१६० या मापाला, पिक्सेल बरोबर चौपट होतात आणि तीच फ्रेम सुमारे ३३ एमबीची होते. आजचे खेळ एका थरावर भागवत नाहीत, हे खरे. वस्तूचे अंतर, पृष्ठभागाची दिशा, चकाकी, हालचाल अशा माहितीचे निरनिराळे थर आधी काढून मग त्यांतून अंतिम चित्र सिद्ध केले जाते. असे २० थर आहेत आणि प्रत्येक थरात दर पिक्सेलला ८ बाइट लागतात, असा सढळ हाताने हिशेब केला, तरी १०८०पीला सुमारे ३३२ एमबी आणि ४केला सुमारे १.३ जीबी एवढीच बेरीज होते. पडदा चौपट झाला आणि फरक पडला तो १ जीबीच्या आसपास. मग ८ जीबीच्या कार्डावरची उरलेली साडेसात जीबींहून अधिक जागा कशाने भरते, हा खरा प्रश्न आहे, आणि रूढ उत्तर त्याला स्पर्शच करत नाही.

ती जागा प्रामुख्याने टेक्स्चरने भरते. टेक्स्चर म्हणजे खेळातील वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रे: विटांचा खडबडीतपणा, कापडाचे विणकाम, चेहऱ्यावरची रंध्रे. ४०९६ गुणिले ४०९६ मापाचे एक टेक्स्चर कच्च्या स्वरूपात ६७ एमबीचे असते. ग्राफिक्स कार्डाला थेट वाचता येईल अशा पद्धतीने ते आकुंचित केले, तर दर ठिपक्याला १ बाइट या हिशेबाने सुमारे १७ एमबीवर येते, आणि दुरून पाहण्यासाठी त्याच्याच ज्या लहान लहान प्रती सोबत ठेवाव्या लागतात, त्यांची एक तृतीयांश भर घालून सुमारे २२ एमबी होते. एका पृष्ठभागाला एक टेक्स्चर पुरत नाही. रंगाचे एक, उंचसखलपणाचे एक, चकाकीचे एक, अशी किमान तीन लागतात. म्हणजे एका पृष्ठभागाला सुमारे ६६ एमबी, आणि असे शंभर पृष्ठभाग पूर्ण तपशिलात एकाच वेळी हाताशी ठेवायचे म्हटले तर साडेसहा जीबी. या हिशेबात पडद्याच्या मापाचा उल्लेख कुठेही आलेला नाही.

येथे एक जाणकार आक्षेप घेतला जातो आणि त्याची दखल घेणे न्याय्य आहे. लहान पडद्यावर टेक्स्चरचा पूर्ण तपशील दिसतच नाही, त्यामुळे खेळ आपोआप लहान प्रत निवडतो आणि मेमरी वाचते, असा तो आक्षेप आहे. दूरच्या वस्तूंच्या बाबतीत हे बरोबर आहे. पण खेळणारा एका जागी उभा राहत नाही. दोन मीटर रुंदीची एक भिंत घ्यावी, तिच्यावर ४०९६ ठिपके रुंदीचे टेक्स्चर आहे असे धरावे, आणि खेळणाऱ्याने तिच्या इतके जवळ जावे की भिंतीचा एक मीटर भाग पडद्याची सगळी रुंदी व्यापेल. आता पडद्यावरील १९२० पिक्सेलांसमोर टेक्स्चरचे २०४८ ठिपके आहेत, म्हणजे १०८०पीचा साधा पडदासुद्धा त्या टेक्स्चरचा जवळजवळ प्रत्येक ठिपका दाखवतो आहे. अरुंद बोळ, खोल्या, तळघरे यांतून जाणाऱ्या खेळात ही स्थिती दर काही सेकंदांनी येते. १०८०पीला मोठी टेक्स्चरे वाया जातात, हे विधान म्हणूनच खरे नाही.

टेक्स्चरांखेरीज जे उरते तेही बहुतांशी पडद्याच्या मापापासून स्वतंत्र आहे. रे ट्रेसिंगमध्ये, म्हणजे प्रकाशकिरणांचा प्रत्यक्ष माग काढून सावल्या आणि प्रतिबिंबे रेखाटण्याच्या पद्धतीत, दृश्यातील सर्व वस्तूंच्या आकारांची एक वर्गवार उतरंड मेमरीत बांधून ठेवावी लागते, आणि ती उतरंड दृश्य किती गुंतागुंतीचे आहे यावर वाढते. दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये गणिताने फ्रेम भरण्याची जी सोय अलीकडे प्रत्येक कंपनी जाहिरातीत पुढे करते, ती सोय स्वतःच आणखी शेकडो एमबी जागा मागते. कमी रिझोल्यूशनला चित्र काढून ते मोठे करण्याच्या अपस्केलिंगने मेमरी वाचेल, ही अपेक्षाही फार फळत नाही, कारण अशा वेळी टेक्स्चरची निवड मोठ्या, अंतिम मापाकडे बघून केली जाते, नाहीतर चित्र पुसट दिसेल. ज्या सुविधांच्या बळावर ८ जीबीचे कार्ड विकले जाते, त्याच सुविधा ती मेमरी खातात.

पडद्याचे माप गरज ठरवत नसेल, तर ती कोण ठरवते? मोठ्या अंदाजपत्रकाच्या खेळांपुरते उत्तर स्पष्ट आहे: ज्या कन्सोलसाठी तो खेळ मुळात बांधला जातो, ते कन्सोल. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये एकूण ८ जीबी मेमरी होती आणि ती प्रोसेसर, ग्राफिक्स आणि यंत्रप्रणाली या सर्वांत वाटली जात होती, त्यामुळे त्या पिढीत ८ जीबीचे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड म्हणजे सुबत्ता होती. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले आणि दोहोंत १६ जीबी मेमरी आली. सिरीज एक्समध्ये त्यांतील १३.५ जीबी खेळांना मिळते आणि मायक्रोसॉफ्टने १० जीबीचा एक वेगवान भाग ग्राफिक्ससाठी अनुकूल म्हणून वेगळा रचला. कन्सोलची १६ जीबी सामाईक असल्याने तिची तुलना कार्डाच्या मेमरीशी करू नये, असे म्हणणाऱ्यांनी हा १० जीबीचा आकडा ध्यानात घ्यावा, कारण सामाईकपणाची वजावट करूनही तो ८ च्या वरच राहतो. संगणकावर तर कन्सोलपेक्षा वरच्या दर्जाच्या सावल्या आणि अधिक रे ट्रेसिंग यांची अपेक्षा असते, शिवाय विंडोज आणि उघडे ठेवलेले ब्राउझर आपला वाटा आधीच घेऊन बसलेले असतात.

१० जीबी मेमरीच्या एक्सबॉक्स सिरीज एसचे उदाहरण या मताविरुद्ध दिले जाते. ते कन्सोल चालते, खेळही त्यावर येतात. पण काय वगळून येतात तेही पाहावे. ‘बाल्डर्स गेट ३’ हा खेळ संगणकावर ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये, तोही सिरीज एसवर दोन खेळाडूंसाठी पडदा विभागण्याची सोय बाजूला ठेवून. कमी मेमरीत खेळ बसवता येतो, हे त्यातून सिद्ध होते. किंमत न देता बसवता येतो, हे सिद्ध होत नाही.

नव्या कन्सोलनंतरची पहिली दोन वर्षे बहुतेक खेळ जुन्या पिढीसाठीही निघत होते, म्हणून ८ जीबीची कमतरता झाकली गेली. २०२३ च्या आरंभी ते आवरण गळून पडले. ‘हॉगवर्ट्स लेगसी’, ‘फोरस्पोकन’ आणि मार्च २०२३ मध्ये संगणकावर आलेला ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ या खेळांनी ८ जीबीच्या कार्डांना घाम फोडला. हे खेळ संगणकावर आणताना काम कच्चे झाले होते, पुढील दुरुस्त्यांनी ते सुधारले, तेव्हा दोष मेमरीचा नव्हे, असा बचाव तेव्हापासून केला जातो. काम कच्चे होते, हे मान्य करावे लागेल, आणि दुरुस्त्या झाल्या हेही खरे आहे. परंतु १२ किंवा १६ जीबीचे कार्ड असलेल्याला त्या कच्च्या कामाची झळ तेवढी बसली नाही, आणि ८ जीबीवाल्याला पूर्ण किमतीत घेतलेल्या खेळाच्या दुरुस्त्यांची वाट पाहावी लागली. कच्चे काम यापुढे होणार नाही, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. शिवाय डिसेंबर २०२४ च्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या खेळाचे काम कच्चे होते, असे कोणी म्हणत नाही, आणि त्याच्या निर्मात्यांनी १०८०पीवर, सर्वांत खालच्या सेटिंगला, किमान गरज म्हणूनच ८ जीबी लिहिली. जी मर्यादा २०२४ मध्ये तळाची पायरी झाली, ती २०२५ मध्ये नव्या कार्डावर पुरेशी म्हणून विकली गेली.

मेमरी अपुरी पडते तेव्हा नेमके काय घडते, हे जवळून पाहिल्याशिवाय या वादाचे मर्म कळत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयू निवडला की खाली दोन आकडे दिसतात: डेडिकेटेड मेमरी, म्हणजे कार्डाची स्वतःची, आणि शेअर्ड मेमरी, म्हणजे कार्डाने संगणकाच्या रॅममधून उसनी घेतलेली. ८ जीबीच्या कार्डावर एखादा जड खेळ चालू करून हे पान दुसऱ्या पडद्यावर उघडे ठेवले, तर पहिला आकडा साडेसातच्या आसपास जाऊन तिथेच थबकतो आणि दुसरा काहीशे एमबीवरून हळूहळू १ जीबी, दीड जीबी असा चढू लागतो. थबकलेला पहिला आणि चढणारा दुसरा, ही जोडी म्हणजे मेमरी संपल्याची खूण. एरवी केवळ पहिला आकडा मोठा दिसतो म्हणून घाबरण्याचे कारण नसते, कारण रिकामी जागा असेल तर खेळ ती आगाऊ अडवून ठेवतात, आणि अडवलेली जागा म्हणजे लागणारी जागा नव्हे.

उसनी जागा महाग पडते ती अंतरामुळे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० टीआय या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने वाचली जाते. तेच कार्ड रॅमकडे जाते ते पीसीआय एक्सप्रेस या मार्गाच्या आठ पदरांवरून, आणि चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्या मार्गाची क्षमता सेकंदाला सुमारे १६ जीबी, तर तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर सुमारे ८ जीबी असते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. एखाद्या वळणावर ५०० एमबी टेक्स्चर कार्डावर नसेल आणि रॅममधून आणावे लागले, तर १६ जीबीच्या मार्गाने त्याला ३१ मिलिसेकंद आणि ८ जीबीच्या मार्गाने ६२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे दोन ते चार फ्रेमांचा वेळ निव्वळ वाहतुकीत जातो. खेळणाऱ्याला हा झटका म्हणून जाणवतो. जुन्या मदरबोर्डवर नवे कार्ड बसवणारा, म्हणजे काटकसरीने टप्प्याटप्प्याने संगणक सुधारणारा ग्राहक, याचा सर्वाधिक बळी ठरतो, आणि ८ जीबीचे स्वस्त कार्ड नेमके त्यालाच सुचवले जाते.

सेकंदाला सरासरी किती फ्रेम निघाल्या, हा आकडा हे झटके लपवतो. मिनिटातून चारदा अडखळणारा खेळ आणि न अडखळणारा खेळ यांची सरासरी जवळपास सारखी येऊ शकते, म्हणूनच सर्वांत संथ एक टक्का फ्रेमांचा वेग वेगळा मोजण्याची पद्धत रूढ झाली. मात्र एक लबाडी या मापातूनही निसटते. अनेक खेळ जागा संपली की अडखळत नाहीत, तर गाजावाजा न करता टेक्स्चरची लहान प्रत लावतात. आकडे उत्तम येतात, आणि पडद्यावर दारावरची पाटी वाचता येत नाही, भिंत चिखल फासल्यासारखी दिसते. सेटिंगच्या पानावर मात्र ‘हाय’ हाच शब्द कायम असतो. स्तंभालेख दाखवून ८ जीबी आणि १६ जीबी यांत फरक नाही असे सांगणाऱ्यांनी दोन्ही पडद्यांची चित्रे शेजारी ठेवून मग तो निष्कर्ष काढला आहे का, हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

तुलनेसाठी कल्पनेचा आधार घ्यावा लागत नाही, कारण कंपन्यांनी स्वतःच जुळी कार्डे काढली आहेत. आरटीएक्स ४०६० टीआय मे २०२३ मध्ये ८ जीबीसह ३९९ डॉलरला आणि जुलैमध्ये १६ जीबीसह ४९९ डॉलरला आले. आरटीएक्स ५०६० टीआय एप्रिल २०२५ मध्ये ३७९ आणि ४२९ डॉलरला आले. चिप तीच, फरक मेमरीचा. ४०६० टीआयच्या वेळी बहुतेक खेळांत दोहोंची सरासरी सारखी निघाली आणि १०० डॉलर वाया जातात असा निकाल अनेकांनी दिला. त्या दिवसाच्या खेळांपुरता तो निकाल चूक नव्हता. पण कार्ड त्या एका दिवसासाठी घेतलेले नसते, आणि पुढील दोन वर्षांत जे खेळ आले, त्यांनी जुळ्यांमधील अंतर वाढवत नेले. ५०६० टीआय बाजारात येताना समीक्षकांकडे आधी १६ जीबीचे कार्ड पोहोचले आणि ८ जीबीचे त्यांना विक्री सुरू झाल्यावर मिळवावे लागले. कंपनीला स्वतःच्या ८ जीबीच्या कार्डाबद्दल पुरेसा विश्वास असता, तर तुलना पहिल्याच दिवशी होऊ देण्यास अडचण नव्हती.

आता दुसरे गृहीतक. स्टीम या खेळविक्री मंचाच्या मासिक पाहणीत अर्ध्याहून अधिक संगणकांचा पडदा १०८०पी असतो आणि ८ जीबी हा मेमरीचा सर्वांत मोठा गट असतो, हे खरे आहे. परंतु ही पाहणी लोकांकडे काय आहे ते सांगते. त्यांना काय पुरते ते सांगत नाही. एनव्हिडिया आणि एएमडी यांची बहुतेक परवडणारी कार्डे गेली काही वर्षे ८ जीबीचीच असतील, तर बहुसंख्यांकडे ८ जीबीच सापडणार, आणि त्या सापडण्याचा आधार घेऊन पुन्हा ८ जीबीचेच कार्ड काढणे हा गोल फिरणारा तर्क आहे. एएमडीचे आरएक्स ४८० हे ८ जीबीचे कार्ड जून २०१६ मध्ये २३९ डॉलरला मिळत होते. नऊ वर्षांनी त्याच कंपनीने तेवढीच मेमरी २९९ डॉलरला दिली आणि ती पुरेशी असल्याचे सांगितले. या काळात कन्सोलची मेमरी दुप्पट झाली.

जो ग्राहक ‘काउंटर-स्ट्राइक २’ किंवा ‘व्हॅलोरंट’ यांपलीकडे जाणारच नाही, त्याला ८ जीबी खरोखरच पुरते, हे येथे निःसंदिग्धपणे मान्य केले पाहिजे. मात्र अशा ग्राहकाला २९९ डॉलरचे नवे कार्ड घेण्याचीही गरज नाही. त्याचे काम निम्म्या किमतीच्या किंवा चांगल्या वापरलेल्या कार्डावर होते. म्हणजे हा युक्तिवाद ज्याच्या नावाने केला जातो, त्याला हे उत्पादन लागत नाही, आणि ज्याला लागते त्याला हा युक्तिवाद लागू पडत नाही. मे २०२५ मधील विधानाची खरी मेख इथे आहे.

सेटिंग कमी करावी, मग ८ जीबी चालते, हा शेवटचा बचाव सर्वांत वाजवी वाटतो, आणि म्हणूनच त्याला काळजीपूर्वक उत्तर द्यायला हवे. सावल्या, धुके, प्रतिबिंबे यांची सेटिंग खाली आणली की प्रोसेसरचे काम हलके होते, म्हणून दुबळ्या चिपच्या मालकाने ती खाली आणणे रास्त आहे. टेक्स्चरचे तसे नाही. टेक्स्चर मोठे असो वा लहान, मेमरीत मावत असेल तर प्रोसेसरला त्याचा भार जवळजवळ सारखाच पडतो. डोळ्यांना सर्वांत जास्त जाणवणारी आणि वेगाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त अशी ही एकच सेटिंग आहे, आणि ८ जीबीच्या कार्डावर पहिली गदा तिच्यावरच येते. ऑक्टोबर २०२० मध्ये ४९९ डॉलरला आलेल्या आरटीएक्स ३०७० ची चिप, फेब्रुवारी २०२१ च्या ३२९ डॉलरच्या आरटीएक्स ३०६० पेक्षा पुष्कळ वेगवान आहे. तरी पहिल्याला ८ आणि दुसऱ्याला १२ जीबी मिळाल्यामुळे, वरच्या टेक्स्चरसह रे ट्रेसिंग लावले की काही खेळांत महागडे कार्ड अडखळते आणि स्वस्त कार्ड संथपणे पण सुरळीत चालते. चिप दमली म्हणून नव्हे, जागा संपली म्हणून मालकाला माघार घ्यावी लागते, आणि जागेची किंमत चिपच्या मानाने थोडी होती. हे दुःख टाळता येण्याजोगे होते, म्हणून ते अधिक बोचते.

या प्रतिवादाचा अर्थ जितकी मेमरी जास्त तितके कार्ड चांगले, असा घेतला जाऊ नये. तो गैरसमज तेवढाच घातक आहे आणि त्याची शिकार बहुधा मुलासाठी पहिला संगणक घेणारे पालक होतात. जीटी ७३० नावाचे २०१४ मधील कार्ड ४ जीबी मेमरीसह विकले गेले आहे. त्याची चिप इतकी दुबळी की ती मेमरी भरून वापरण्याइतके काम तिच्याने होतच नाही. नाकापेक्षा मोती जड, ही म्हण अशा कार्डाला तंतोतंत लागू पडते. नावही फसवू शकते. सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० हे एकच नाव १२ आणि १६ जीबीच्या दोन कार्डांना दिले, पण त्यांच्या चिप वेगळ्या होत्या. टीका इतकी झाली की पुढच्याच महिन्यात १२ जीबीचे कार्ड मागे घेऊन ते जानेवारी २०२३ मध्ये आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने आणावे लागले. आधी चिप आणि मग मेमरी हा क्रम योग्यच आहे. आक्षेप आहे तो चिप पुरेशी असताना मेमरी आखडण्याला.

ती का आखडली जाते, यामागे काही तांत्रिक कारणही आहे. कार्डाची चिप मेमरीशी ३२ बिट रुंदीच्या वाटांनी जोडलेली असते आणि सामान्यतः प्रत्येक वाटेवर एक मेमरी चिप बसते. बरीच वर्षे अशा एका चिपची कमाल क्षमता २ जीबी होती. स्वस्त कार्डांत रुंदी १२८ बिट, म्हणजे चार वाटा, म्हणून ८ जीबी. त्याहून अधिक हवी तर कार्डाच्या पाठीवरही चिप लावून थेट १६. आरटीएक्स ३०६० ला १९२ बिट, म्हणजे सहा वाटा होत्या, म्हणून त्याच्यासमोर ६ किंवा १२ हे पर्याय होते आणि कंपनीने १२ निवडले. इंटेलने डिसेंबर २०२४ मध्ये आर्क बी५८० हे कार्ड याच रुंदीसह, १२ जीबी देऊन, २४९ डॉलरला विकायला काढले. म्हणजे कमी किमतीत १२ जीबी देता येते, हे बाजारानेच दाखवले आहे. ३ जीबीच्या चिपही आता निघाल्या आहेत, त्यामुळे चार वाटांवर १२ जीबी बसवणे अशक्य राहिलेले नाही. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढून मेमरी चिपचे भाव चढले, हे खरे. पण ८ जीबी पुरते हा दावा भाव चढण्यापूर्वीचा आहे, आणि वस्तू महागली म्हणून तिची गरज कमी होत नाही.

तेव्हा निर्णय असा. केवळ स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्याने ८ जीबीचे स्वस्त किंवा वापरलेले कार्ड निर्धास्तपणे घ्यावे. कथाप्रधान मोठे खेळ खेळू इच्छिणाऱ्याने पडदा १०८०पी असला तरी नव्या कार्डावर १२ जीबी ही तळाची मर्यादा मानावी, आणि त्याच चिपचे १६ जीबीचे रूप ५० डॉलरच्या आसपासच्या फरकाने मिळत असेल तर तेच घ्यावे, कारण तेवढ्या पैशांत कार्डाचे आयुष्य वाढवणारी दुसरी वस्तू बाजारात नाही. १४४०पी किंवा ४के पडदा असेल तर १६ जीबीखाली उतरू नये. लॅपटॉप घेणाऱ्याने दुप्पट सावध राहावे, कारण तिथे कार्ड बहुधा बदलताच येत नाही. ज्यांच्याकडे आज ८ जीबीचे कार्ड आहे, त्यांनी ते टाकून देण्याची घाई करू नये. टेक्स्चरची सेटिंग एक पायरी खाली आणली आणि मागे उघडे राहिलेले ब्राउझर बंद केले, तर ते अजून बराच काळ सेवा देईल.

आणि नवे कार्ड घेताना एक गोष्ट पैसे देण्याआधीच करावी. ८ आणि १६ जीबीच्या जुळ्या कार्डांचे नाव एकच असते, खोके जवळजवळ सारखे असते, आणि खोके फोडल्यावर बदलून मिळणे कठीण जाते. म्हणून बिलावर कार्डाच्या नावापुढे मेमरीचा आकडा स्पष्ट लिहून घ्यावा, आणि तो खोक्यावरच्या आकड्याशी दुकानातच ताडून पाहावा.